खिडकीवालीला बहीण नव्हती

ही रात्रीची गोष्ट नाही. आधीच सांगतो, म्हणजे कुणी अंधाराची वाट बघत बसायला नको. भर दुपारची गोष्ट आहे. जेवणं आटोपून गल्ली सामसूम होते, त्या वेळची.

आणि ती खरी आहे. तुम्ही म्हणाल, सगळे असंच म्हणतात. म्हणा बापडे. जिच्या बाबतीत हे घडलं, ती माझी सख्खी मावसबहीण आहे.

घरात तिला सगळे खारुटी म्हणायचे. लहानपणी एका जागी टिकायची नाही म्हणून. मोठी झाल्यावर मात्र शिवणयंत्रापुढे जी बसली, ती उठायचं नाव नाही. तळमजल्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत ती आणि तिची आई, म्हणजे माझी मावशी. खारुटी नवे कपडे शिवत नाही, आल्टर करते. कुणाची कंबर सैल, कुणाची बाही आखूड. "जरासं घ्या इथे," गिऱ्हाईक म्हणतं आणि ती घेते.

तिची थोरली बहीण, आमची ताई, रेडिओवर काम करायची. तापाचं निमित्त झालं आणि गेली. त्याला आता खूप वर्षं झाली.

ताई म्हणजे काय सांगू... नाकावर माशी बसू द्यायची नाही. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की भले भले काढता पाय घ्यायचे. आणि चालणं? ताडताड. मावशी आतून ओरडायची, "अगं, त्या फरशीनं काय घोडं मारलंय तुझं?"

या ताईला एका मालिकेत काम मिळालं. स्टेशनवर चौकशीच्या खिडकीत बसणारी एक खट बाई. नाव नव्हतंच तिला, सगळे खिडकीवाली म्हणायचे. लेखक चार ओळी लिहून द्यायचा आणि ताई माइकसमोर दहा बोलायची. त्या वरच्या सहा थेट घरून आलेल्या असायच्या. "डोळे आहेत की बटणं?" हे घरचं. आणि खिडकीमागे बसलेल्या धाकट्या बहिणीला मधूनच घातलेली हाक, तीही घरचीच.

"खारुटे, पंखा बंद कर. कुणी नाही त्या खोलीत."

खारुटीला खोलीतून बाहेर पडताना पंखा बंद करायची कधी आठवण राहिली नाही. त्यामुळे हे वाक्य तिने ताई असेपर्यंत रोज ऐकलं. रेडिओवर ऐकून लोक पोट धरून हसायचे, ही मात्र लाजून लाल व्हायची.

ताई गेली आणि मालिका मध्येच थांबली. तेव्हा टेपा जपून ठेवत नसत. एकदा वाजली की तिच्यावरच दुसरं काहीतरी रेकॉर्ड करायचे. खिडकीवालीचा एकही भाग आज कुठेही शिल्लक नाही.

राहिली ती लोकांच्या आठवणीत. आणि मग, मोबाईलवरच्या एका ग्रुपवर.

ग्रुपचं नाव 'खिडकीवालीची माणसं'. ही मंडळी तिच्या नव्या गोष्टी लिहायची, एकमेकांच्या वाचायची, रडायची, भांडायची. मूळ मालिका ऐकलेले त्यात मोजके. बाकी सगळे ऐकीव माहितीवर जीव टाकणारे.

त्यांची एक रीत होती. कुणी खिडकीवालीबद्दल काही नवं सुचवलं, की खाली विचारायचं, "गाठ?" पटलं तर बाकीच्यांनी लिहायचं, "मारली." पुरेशा जणांनी मारली की ग्रुप चालवणारे गाठवाले काका लिहायचे, "बसली." बसली म्हणजे बसली. त्यानंतर कुणीही त्याच्या उलट लिहायचं नाही. गाठ सोडायची सोय नव्हती.

खारुटी 'सुईदोरा' नावाने तिथे शिरली. आपण कोण, हे सांगितलं नाही. लोक ताईची आठवण काढतात, ती वाचू, एवढंच मनात.

पण वाचलं तर काय... खिडकीवाली लंगडत होती!

फलाटावर एका मुलाला वाचवताना म्हणे तिचा डावा पाय अधू झाला. ती हळू बोलायची. मनात दुःख दाबून गालात हसायची. खारुटीला आधी हसूच आलं. ताईने हे वाचलं असतं तर लिहिणाऱ्याची बिनपाण्याने केली असती. तिने लिहिलं, "मुळात ती लंगडत नव्हती."

काकांचं उत्तर आलं. "मुळात काय होतं ते कुणी धरून बसत नाही हो. गाठ बसली आहे. आता लंगडते."

खारुटीने ग्रुप सोडला नाही. का नाही सोडला, हे तिने मला नंतर सांगितलं. तिला ती लंगडी बाई आवडायला लागली होती. ताईचा खारुटीवर जीव होता, यात शंका नाही. पण गोड शब्द? आयुष्यात एकदाही नाही. आणि इथे रोज कुणीतरी ताईच्या तोंडून गोड बोलत होतं.

शेवटी तिनेही एक गोष्ट लिहिली. स्टेशनवर हरवलेली एक पोर रडत असते. खिडकीवाली आपली खिडकी सोडून पाय ओढत बाहेर येते, वाकते, म्हणते, "राहू दे बाळा. मी आहे ना."

"गाठ?" खारुटीने विचारलं.

"मारली." "मारली." "मारली."

"बसली," काका म्हणाले.

नंतरच्या आठवड्यातली दुपार. मावशी आत झोपली होती. खारुटी कुणाची तरी पँट आखूड करत होती. दोरा तुटला म्हणून यंत्र थांबलं.

आणि त्या शांततेत आतून आवाज आला...

टक्... सर्र...

टक्... सर्र...

एक पाय टेकवायचा, दुसरा ओढायचा.

"आई, उठलीस का? पाणी हवंय?"

 ती आत गेली. मावशी भिंतीकडे तोंड करून गाढ झोपली होती. उशाशी पाण्याचा ग्लास होता. भरलेला, वर झाकणी ठेवलेली.

तो खारुटीने ठेवला नव्हता.

मनाचे खेळ, असं म्हणून तिने सोडून दिलं. मग एक दिवस कपाट आवरताना ताईचा निळा पायघोळ ड्रेस हाती लागला. खारुटीने शिकत असताना त्याची खालची पट्टी घातली होती. वाकडीतिकडी टीप, त्यावरून ताईने तिला चांगलं फैलावर घेतलं होतं. तिने सहज पट्टीवरून बोट फिरवलं.

डाव्या बाजूला पट्टी विरलेली होती...

फक्त डाव्या बाजूला. दोरे निघालेले, कडेला धूळ भरलेली. डावा पाय ओढत चालणाऱ्या बाईचा कपडा जसा झिजतो, तसा. खारुटीने असे कपडे दुरुस्त केले होते. झीज कशाने होते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. आणि तो ड्रेस ताई गेल्यापासून कपाटाबाहेर निघाला नव्हता.

त्या संध्याकाळी मावशी चहा पिताना म्हणाली, "काल ताई येऊन बसली होती गं माझ्याजवळ."

"स्वप्न पडलं असेल, आई."

"पाय फार दुखतो म्हणाली. फलाटावर त्या पोराला वाचवलं, तेव्हापासून बिचारीच्या नशिबी ते."

मावशी शाळेत शिकवायची. आजही जुन्या विद्यार्थ्यांना नावानिशी हाक मारते. विसराळू म्हणावी अशी बाई नाही.

"आई, ताई धडधाकट होती. फरशीनं काय घोडं मारलंय, असं ओरडायचीस ना तू तिला?"

मावशीने कप खाली ठेवला.

"मी? लंगड्या पोरीला असं बोलेन का मी?"

 खारुटी रागावली, मग घाबरली, मग चक्क रडली. आपली बहीण दुसऱ्यांदा चालली आहे आणि या वेळी धक्का द्यायला आपलाही हात आहे, हे तिला कळून चुकलं. ग्रुप सोडायचा म्हणून तिने मोबाईल उघडला.

तिथे नवं काहीतरी चाललं होतं.

कुणीतरी लिहिलं होतं, "खिडकीवाली एकटी हवी. बहीण असली की दुःख पातळ होतं. खारुटीला काढून टाकू या. तिला बहीण नव्हतीच. गाठ?"

 खारुटीने लिहिलं, "थांबा. तिला बहीण होती. ती बहीण मी आहे."



हसणारे चेहरे आले. आणि काकांनी मायेने लिहिलं, "सुईदोरा, आम्हा सगळ्यांनाच तसं वाटतं हो."

"मारली."

"मारली."

"मारली."

"बसली."

दुसऱ्या दिवशी एक नेहमीच्या बाई दुकानात आल्या. खारुटी समोर यंत्रावर बसलेली. बाई उंबऱ्यात उभ्या राहून आत बघत होत्या.

"कुणी आहे का?"

"या की, बसा."

बाई दचकल्या. "उन्हातून आले ना, अंधारी आली डोळ्यांपुढे," म्हणाल्या. पण ब्लाउज घेऊन जाईपर्यंत त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं नाही.

गिऱ्हाईक गेलं. दुपार झाली. गल्ली सामसूम.

खारुटीने तेव्हा जे केलं, ते ऐकून मला आजही भरून येतं. तिने पुढच्या खोलीतला पंखा पूर्ण जोरात लावला. आणि खोली रिकामी सोडून बाहेर पायरीवर जाऊन उभी राहिली. दार उघडं ठेवून, पाठ करून.

तिला फक्त ओरडा हवा होता. एक सणसणीत ओरडा. ताई कुठे उरली असेलच, तर आता तिला राहवणार नाही, असा तिचा हिशेब.

पंखा घरघरत राहिला.

टक्... सर्र...

पावलं आतल्या खोलीतून निघाली.

टक्... सर्र...

पंख्याच्या बटणापाशी येऊन थांबली.

"ताई, पंखा चालू राहिलाय," खारुटी म्हणाली. वळून बघायची तिची छाती झाली नाही. "कुणी नाही खोलीत. ओरड ना गं मला."

 मग अगदी जवळून, हळू, गालात हसल्यासारखा आवाज आला...

"राहू दे बाळा. मी आहे ना."

आवाज ताईचाच होता. शब्द खारुटीचे.

आतून मावशीने विचारलं, "कोण आहे गं बाहेर?"

"कुणी नाही, आई," तो आवाज म्हणाला. "मी एकटीच आहे."

आणि दाराला आतून कडी लागली.

खारुटी तशीच अनवाणी आमच्या घरी आली. माझ्यासमोर बसून तिने हे सगळं सांगितलं. मी तिला समजावलं. ऊन लागलंय, जागरणं झाली आहेत, जे सुचेल ते बोललो. तेवढ्यात माझी आई चहा घेऊन आली.

एकच कप.

"अगं, आणि खारुटीला?" मी विचारलं.

आईने माझ्याकडे पाहिलं. मग समोरच्या खुर्चीकडे पाहिलं.

"कुणाला?"

मी माझा कप खारुटीला दिला. तिने दोन्ही हातांनी धरला, पण प्यायली नाही. मग उठून गेली. जाताना पंखा बंद करून गेली, आयुष्यात पहिल्यांदाच.

त्यानंतर तिचा फोन लागत नाही. मावशीकडे गेलो, तर पुढची खोली बंद असते. मावशी खुशीत असते. "ताई बघते सगळं," म्हणते. तिच्या उशाशी पाण्याचा भरलेला ग्लास असतो. मी तिथे फार वेळ बसत नाही.

खारुटीने बाह्या आखूड करून दिलेला शर्ट मी आत्ता घातलाय. आत तिची टीप आहे, मी पुन्हा पुन्हा उलटून बघतो.

हे या पानावर लिहायचं कारण एकच. तुमच्यापैकी कुणी ती मालिका ऐकली असेल. 'खारुटे, पंखा बंद कर' हे कुणाला तरी आठवत असेल. आठवत असेल तर खाली लिहा. नसेल आठवत, तरी लिहा की खिडकीवालीला बहीण होती. गाठ मारा. माझ्या एकट्याने बसत नाही.

आणि जरा लवकर करा. ताई ताडताड चालायची, असं मी वर लिहिलंय. आत्ता परत वर जाऊन वाचलं, म्हणून कळलं. नाहीतर आज सकाळपासून मला ती लंगडतानाच आठवतेय.