मसऊदचा साज

दुपारची नमाज उरकून तूदा देवदाराच्या काळ्या तेलाची वाटी घेऊन कुरणाकडे निघाली. घोड्यांच्या खुरांना तेल लावायचा वार होता तो.

अझ्रू गावाच्या वर, देवदारांच्या रानाखाली, ती आणि तिचा धाकटा भाऊ हद्दू गेली बारा वर्षं टाकून दिलेली घोडी सांभाळत होती. कुणी लंगडं, कुणी आंधळं, कुणाची ओझ्यानं पाठ मोडलेली. एकोणीस तोंडं. मरायला आलेलं जनावरही इथे महिन्याभरात बाळसं धरायचं.

मसऊद मात्र धरीना. तो मेकनेस शहरातल्या बग्गीचा तांबडा घोडा. बूशता नावाचा त्याचा म्हातारा गाडीवान बग्गीवर बसल्याबसल्याच वारला, आणि हा इमानी जीव ते प्रेत घेऊन नेहमीच्या प्रत्येक थांब्यावर थांबत संध्याकाळपर्यंत फिरत राहिला. लोकांना वाटलं, म्हातारा पेंगतोय. इथे आल्यापासून दोन वेळा जव खाऊनही मसऊदच्या बरगड्या दिवसेंदिवस वरच येत होत्या.

तूदानं त्याचा खूर उचलला आणि तिची नजर वर गेली. दोन्ही खांद्यांवर ओली जखम. पट्ट्याएवढी रुंद, सरळ, ताजी.

"हद्दू, याला कुणी जुंपला?"

"जुंपायला गाडी कुठाय आपल्याकडे? खांबाला अंग घासत असेल."

"दोन्ही बाजूंना सारखंच?"

"बाई गं! माझी बायकोसुद्धा माझी एवढी चौकशी करत नाही," असं म्हणत हद्दू हसत गवत आणायला खाली गेला.

तेवढ्यात देवदारांमधून धुकं उतरलं. ओल्या सालीचा वास आला. बाकीची घोडी भराभर कुंपणाकडे सरकली आणि कुरणाच्या मधोमध लांबट वाट मोकळी सोडून उभी राहिली. त्या वाटेवर मसऊदनं मान खाली घातली, मागचे पाय रोवले आणि तो चालू लागला. ओझं ओढणारं जनावर चालतं तसा. थोडं पुढे जाऊन थांबला, वाट बघितली, पुन्हा निघाला. त्याच्या मागे कुठेतरी बग्गीच्या बैठकीखालची लोखंडी कमान कुरकुरली.

तूदानं तेलाची वाटी टाकली. ती धावली. तिनं त्याच्या तोंडाची मोरखी धरली, पण मसऊद थांबेना. त्याच्या तोंडाला फेस आला होता, डोळे पांढरे झाले होते. असाच चालत राहिला तर हा आज पडणार, हे तिला कळून चुकलं.

"बूशताबाबा..." ती धुक्याकडे बघत हळूच म्हणाली, "उतरा आता. थकलाय तो..."

 कमान पुन्हा कुरकुरली, बसलेल्या माणसानं कूस बदलावी तशी. आणि शिळ्या तंबाखूचा वास आला.

मग तूदानं जे केलं, ते तिला पुढे कधी नीट सांगता आलं नाही. रिकाम्या हवेत तिनं घोड्याच्या छातीपाशी हात घातला. बोटांना ओलं चामडं लागलं. ताठ, गरम. ती आंधळ्यासारखी चाचपडत गेली, बकल सापडलं, नखं मोडेपर्यंत तिनं ते ओढलं. पट्टा सुटला. मसऊद गुडघ्यांवर कोसळला, लोळला, उठला आणि थरथरत बाकीच्या घोड्यांत शिरला. काहीतरी जड, चाकांवरचं, उतारानं गावाच्या दिशेला घरंगळत गेलं.

हद्दू उशिरा वर आला. घामानं निथळत होता.

"खाली वळणावर एका म्हाताऱ्याची बग्गी अडकली होती, ताई. घोडाच नाही तिला! हात दिला जरा."

"कुठं आहे ती?" तूदानं उताराकडे बघत विचारलं.

"पोचवली की... बहुतेक." तो कपाळ चोळत बसला. चहाला त्यानं हात लावला नाही. रात्रभर त्याचे पाय अंथरुणात चालत होते.

दुसऱ्या दिवशी मसऊदनं घमेलंभर जव फस्त केला. तूदा ते बघत असतानाच धुकं उतरलं. गवताचा भारा टाकून हद्दू उठला.

"कुठं चाललास?"

"वाट बघताहेत..."

तो मोकळ्या वाटेवर जाऊन उभा राहिला. मान खाली गेली, पाय रोवले गेले. तूदानं धावत जाऊन त्याच्या कमरेला मिठी मारली, पण तो पाऊल टाकतच होता आणि तिच्या टाचा चिखलात दोन चर काढत फरफटत होत्या. एका हातानं तिनं त्याची छाती चाचपली. चामडं लागलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत तिनं बोटं फिरवली, पुन्हा फिरवली. बकल नव्हतं. पट्टा शिवून टाकलेला होता.

"हद्दू... हद्दू, माझ्याकडे बघ..."

तो बघेना. मदतीसाठी तिनं मान वळवली असेल की देवासाठी, कोण जाणे, पण तिला कुंपणापाशी घोडी दिसली. एकोणीसच्या एकोणीस, आंधळीसुद्धा, कान मागे टाकून बघत होती. हद्दूकडे नव्हे. त्याच्या मागे, पुरुषभर उंचीवर. आणि तिथे एकटा गाडीवान नव्हे, शेजारी उतारूही, असे दोन जण बसलेले असावेत, तशी घोड्यांची नजर आधी डावीकडे, मग उजवीकडे जात होती.