दुपारचे एकशे बासष्ट चेंडू

गोटीरामचा चेंडू फलंदाजापर्यंत पोचायच्या आतच दोन टप्पे पडला, तेव्हा यष्टींमागे उभी असलेली निकिता ग्लोव्हज काढून सरळ त्याच्याकडे चालत गेली. आठवड्यापूर्वी याच मुलाचे चेंडू झेलताना तिचे तळहात लाल व्हायचे.

"काय होतंय तुला?" तिने विचारलं.

"काय नाय," गोटीराम म्हणाला, आणि खाली पडलेली टोपी उचलायला कमरेतून न वाकता गुडघ्यांवर बसला.

२००४ सालचा मे महिना होता. सातपूरच्या एका कॉलनीत मंडळाचं मोफत क्रिकेट शिबिर चाललं होतं. सकाळी सहाला सुरू व्हायचं, ऊन तापायच्या आत संपायचं. रविवारी दुसऱ्या कॉलनीशी अंतिम सामना होता. बारा वर्षांचा गोटीराम हा संघाचा सगळ्यांत वेगवान गोलंदाज. त्याचे आईवडील पेठ तालुक्यातून इथे बांधकामावर आले होते. जिल्ह्याच्या चौदा वर्षांखालच्या संघात तो जाणार, असं शिबिराचे वाल्मीक सर सगळ्यांना सांगत.

कर्णधार अमोल, निकिता आणि गुणलेखन करणारी संध्या त्या दिवशी मैदानातच थांबले. गोटीराम रोज दुपारी कुठे गायब होतो, हे कुणालाच माहीत नव्हतं. संध्याने त्याचे बूट नीट पाहिले होते. मैदानातली माती काळी, पण त्याच्या बुटांवर लाल मुरूम होता. लाल मुरूम नुकताच पडला होता तो त्र्यंबक रस्त्यावरच्या एका कंपनीच्या मैदानावर. ट्रक जाताना अमोलने पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनलाच तिघं सायकली घेऊन तिथे पोचले आणि कुंपणाबाहेरच्या बाभळीखाली बसले. थोड्या वेळाने वाल्मीक सरांची स्कूटर आली. मागे गोटीराम होता.

कंपनीचे पोट सुटलेले साहेब एकामागून एक पॅड बांधून येत होते, आणि गोटीराम एकटा त्यांना गोलंदाजी करत होता. सर मंडपात उसाचा रस पीत बसले होते. संध्या वहीत एकेका चेंडूची रेघ ओढत होती. साडेचारला सराव थांबला तेव्हा एकशे बासष्ट रेघा झाल्या होत्या. सकाळचे चौऱ्याऐंशी वेगळे.

एक साहेब सरांना म्हणाले, की पोरगा छान आणलाय, रोज आणत जा. आमच्या संघाला प्रशिक्षक लागणारच आहे. सर लाजून हसले.

संध्याकाळी तिघांनी गोटीरामला गाठलं. तो म्हणाला, "पाठ लय दुखते. पन सर म्हनले, कुनाला सांगितलंस तर जिल्ह्याच्या यादीत नाव नाय."

अमोलचे बाबा मंडळाचे चिटणीस होते. अमोलने त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी वर्तमानपत्रातून मानही वर केली नाही. सरांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं, घाम गाळल्याशिवाय खेळाडू घडत नाही, असं म्हणून त्यांनी विषय संपवला. अमोल बाहेर आला. मोठी माणसं ऐकणारच नसतील तर आपल्या हातात काय उरतं? रात्रभर विचार करून सकाळी त्याला एक गोष्ट सुचली, आणि ती त्याने फक्त निकिता आणि संध्याला सांगितली.

रविवारी मैदान माणसांनी भरलं होतं. गोटीरामची आई ठमाबाईही कामावर खाडा करून आली होती. पहिलं षटक गोटीरामला दे, असं सरांनी बजावलं. अमोलने चेंडू दुसऱ्याच मुलाच्या हातात ठेवला आणि गोटीरामला स्लिपमध्ये उभं केलं. दुसरं षटक तिसऱ्याला, तिसरं स्वतःकडे. सर सीमारेषेवरून ओरडायला लागले. शेवटी ते तडक मैदानात घुसले.

पंच होते रंगनाथकाका. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले, शिस्तीचे. त्यांनी हात आडवा धरला. "खेळ चालू असताना चेंडू कुणाला द्यायचा ते कर्णधार ठरवतो, वाल्मीकराव. तुम्ही बाहेर व्हा."

"पण तो देत का नाही ते विचारा ना त्याला!"

काकांनी विचारलं. अमोलने सीमारेषेकडे बोट दाखवलं. तिथून संध्या वही घेऊन धावत आली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने तारीख, वेळ, जागा आणि चेंडूंचा आकडा वाचून दाखवला.

ठमाबाई पुढे आली. "दुपारी शाळेच्या मैदानावर धावायला नेतो म्हनला व्हता तुमी," ती सरांना म्हणाली. "माझं पोर त्यांच्या करमणुकीला नेत व्हता?"



रंगनाथकाकांनी गोटीरामला त्याच दिवशी दवाखान्यात नेलं. पाठीच्या खालच्या मणक्याला बारीक चीर गेली होती. पाच महिने गोलंदाजी बंद. आज या मुलाने गोलंदाजी केली असती तर कदाचित पुन्हा कधीच खेळला नसता, असं डॉक्टर म्हणाले.

सामना मुलं सहा गड्यांनी हरली. वाल्मीक सरांना मंडळाने काढून टाकलं आणि शिबिर रंगनाथकाकांकडे सोपवलं. बक्षीस समारंभात अमोलच्या बाबांनी तिघांना व्यासपीठावर बोलावून तोंडभर कौतुक केलं. अशी जागरूक मुलं आमच्या कॉलनीत आहेत, याचा अभिमान वाटतो, असं ते म्हणाले.

निकिताने त्यांनी पुढे केलेला हार घेतला नाही. "काका, अमोल तुम्हाला आधीच सांगायला आला होता," ती म्हणाली.

बाबांचा हात हारासह तसाच राहिला. मग त्यांनी ध्वनिक्षेपक खाली ठेवला आणि अमोलकडे पाहून म्हणाले, "चुकलं माझं."

दिवाळीच्या सुट्टीत गोटीराम परत मैदानावर आला. रोज फक्त तीन षटकं, असं डॉक्टरांनी ठरवून दिलं होतं. एका सकाळी पाहायला आलेल्या एका गृहस्थांनी त्याचा वेग बघून बॅट हातात घेतली आणि आणखी एक षटक टाकायला सांगितलं.

गोटीरामने चेंडू निकिताकडे फेकला.

"नाय," तो म्हणाला. "आजचं झालं माझं."