कागदी तळ्यातला मागूर

कोयता मानेत हाडापर्यंत शिरला होता. किशोरने एकदाच पाहिलं आणि नजर वळवली. गुप्तहेर संध्या कर्डकांचा मदतनीस म्हणून इंदिरानगरच्या ऑफिसात मिरवणं सोपं होतं. येवल्याजवळच्या या मळ्यात त्याची पार तंतरली.

प्रेत मळ्याचे मालक दिनेशभाऊ यांचं. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्याच्या काठावर ते पडलं होतं. निळ्या कागदावर रक्ताचे मोजके डाग. शेजारी पोट फाडलेला मागूर मासा, आतड्यात तांदळाच्या कण्यांएवढे जंत.

हे तळं राखणारा नौशाद दवाखान्यात होता. गावाने त्यालाच खुनी ठरवून लाठ्यांनी फोडून काढलं होतं. "तुम्ही काही केलं नाही तर ते फासावर जातील, ताई," त्याची बायको अदिबा म्हणाली.

दिनेशभाऊंचा धाकटा भाऊ रामनाथ पलीकडचं मातीचं तळं बघायचा.

"नौशादनं ह्याच तळ्यातून मासा काढला, म्या पाह्यलं. दादानं चिरला, तं जंत! दादा लय बोलला त्याला. त्यानं कोयताच घातला."

दिनेशभाऊंची बायको आशा भिंतीला टेकून बसली होती. "जंतांपायी एक तळं बुजवायचं म्हणत व्हते," ती पुटपुटली. "कोणतं, ते नाय सांगितलं."

संध्याताई मातीच्या तळ्यावर गेल्या. काठाच्या चिखलात किशोरच्या बुटाखाली गोगलगायी कडकड फुटल्या. मग ताईंनी दोन्ही तळ्यांतले मासे काढायला लावले आणि कागदी तळ्याच्या काठावर फौजदार, सरपंच, सगळ्या गावासमोर सुरीने चिरले. मातीच्या तळ्यातल्या माशांत जंत होते. कागदी तळ्यातले मासे स्वच्छ.

"म्हणजे नौशाद कामाला चोख आहे," किशोर म्हणाला.

"आणि निर्दोषही. हा जंत आधी गोगलगायीत वाढतो, मग माशात शिरतो. नौशादने घासलेल्या कागदावर गोगलगाय औषधालाही नाही. पडलेला मासा चिखलातला आहे. मग रामनाथ, तुम्ही तो इथून काढताना कसा पाहिलात?"

रामनाथची नजर चिरलेल्या माशांवरून सुरीकडे गेली.

"कागद रक्त पीत नाही. मान कापलेल्या माणसाचं रक्त इथे नाही, कारण ते तुमच्या चिखलाने प्यायलं. बुजणार होतं ते तुमचं तळं. दिनेशभाऊंनी तिथेच मासा चिरून जंत दाखवले, तिथेच तुम्ही त्यांना तोडलं. नौशादला अडकवायला प्रेत आणि मासा दोन्ही इकडे आणलंत. जंत कुठल्याही तळ्यात होतात, असं तुम्हाला वाटलं."

"ह्या हातांनी खणलं व्हतं म्या ते!" रामनाथ ओरडला आणि सुरी उचलून ताईंवर धावला. किशोर मध्ये कसा पडला ते त्यालाही कळलं नाही. सुरी त्याच्या दंडात घुसली. फौजदाराने रामनाथचा हात मोडेपर्यंत पिरगळला, तेव्हा कुठे मूठ सुटली.

लोकांच्या हातांत लाठ्या अजून तशाच होत्या. सरपंच अदिबाकडे वळून खाकरले. "चूक झाली, पोरी."

"दोन्ही हात मोडलेत त्यांचे," अदिबा म्हणाली. किशोरला तिच्याकडे बघवेना. "दवाखान्यात त्यांना घास भरवायला तुमच्यातलं कोण येतंय, बोला."

कोणीच पुढे आलं नाही.