यादीतलं सहावं नाव

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पण हे खरं घडलंय, आणि माझ्याच हातून घडलंय.

गेल्या वर्षी, नारळी पौर्णिमेनंतरचा मंगळवार. मनोरी. दुपारचे तीन, लख्ख ऊन.

माझा शिवदासमामा तिथल्या मच्छीमार सोसायटीचं ऑफिस सांभाळतो. माणसांची यादी छापल्याशिवाय होडी सोडायची नाही, हा त्याचा नियम. त्या दिवशी त्याचा मुलगा सर्वेश पहिल्यांदाच खोल समुद्रात निघणार होता.

ऑफिसातला कॉम्प्युटर म्हणजे डोक्याला ताप. त्यावर लिनक्सचं फ्रेमबफर टर्मिनल तेवढं चालायचं. म्हणजे माऊस नाही, चित्रं नाहीत, नुसती काळी स्क्रीन. त्यात मराठी टाइप व्हावं म्हणून इनपुट मेथड बसवायची होती. मी अंधेरीत हीच कामं करते, म्हणून मला बोलावलं. फुकटात, अर्थात.

सकाळी अकरापासूनचे चार तास त्यातच गेले. कधी नुसते चौकोन दिसायचे, कधी जोडाक्षरं फुटायची. कधी कीबोर्डच गप्प.

"नेत्रा, झाला का गो? भरती उतरंल!" मामा दारातून ओरडला.

"होतंय रे मामा, डोकं नको खाऊ!"

शेवटी जमलं. इंग्रजी अक्षरं दाबली की खाली मराठी नावं सुचायला लागली. पाच नावं पटापट टाकली. सहावं सर्वेशचं.

पहिलं अक्षर दाबलं...

खाली एकच नाव आलं. राजाराम.

नावांचा साठा मीच भरला होता. त्यात राजाराम नव्हता.

खोडलं. परत टाइप केलं. राजाराम.

इनपुट मेथड काढून पुन्हा बसवली. पाच नावं बरोबर आली. सहावं... राजाराम.

बाहेर होडीचं इंजिन सुरू झालं. माझं डोकंच सटकलं.

"एवढी हौस आहे तर तूच जा!" म्हणत मी एंटर मारला आणि यादी छापली. म्हटलं, पेनाने सुधारू.

सर्वेश यादी न्यायला आला. मामाने कागद हातात घेतला, वाचला... आणि सहाव्या नावावर बोट ठेवलं.

"हा राजाराम तुला कोणी सांगितला?"

"कोण राजाराम?"

त्याच होडीवरचा खलाशी. तीन वर्षांपूर्वी पाण्यात पडला. सापडलाच नाही.

मामाने सर्वेशचा हात घट्ट धरला तो सोडलाच नाही.

"बाबा, वेडा झालास काय? माझी पहिलीच फेरी हाय!"

तेवढ्यात इंजिनाचा आवाज लांब जाऊ लागला. होडीचा तांडेल, म्हणजे कप्तान, बाळा फोन उचलेना. सर्वेशला न घेताच होडी निघून गेली.

"तुझ्या त्या डब्याने वाट लावली माझी," सर्वेश मला म्हणाला. नंतर दोन दिवस बोलला नाही.

गुरुवारी दुपारी आम्ही जेवत होतो. बाळा तांडेलचा फोन आला. मामाने स्पीकरवर टाकला.

"शिवदास, सर्वेश घरी आला का रे? दोन दिस तोंडाला रुमाल बांधून गपचूप जाळी ओढली त्यानं. आता जेट्टीला लागलो, माणसं मोजली... तर पाचच."

सर्वेश माझ्यासमोर बसला होता. घास हातात तसाच.

मामाने सर्वेशकडे पाहिलं. मग म्हणाला, "आला."

फोन ठेवला.

मामा म्हणतो, तुझं काही चुकलं नाही. पण आपल्यात निघालेल्या माणसाला नुसतं 'जा' म्हणत नाहीत. 'जाऊन ये' म्हणतात.

मी राजारामला फक्त जा म्हटलं. तेही चिडून.