गालातलं बी

"ऐकून हसशील, आणि विश्वास तर मुळीच ठेवणार नाहीस," मामांनी आधीच बजावलं.

भाची हसलीच. संग्रहालयातल्या मेलेल्या प्राण्यांत भुसा भरायचं मामांचं काम आता ती करत होती, आणि त्यांच्या थापांवरच ती वाढली होती. म्हणे एकदा पोट शिवताना वाघाला गुदगुल्या झाल्या होत्या!

पण आज खुर्ची मामांना फारच मोठी होत होती. सदरा खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता.

टेबलावर उघड्या काचपेटीत वाळवंटी उंदीर मागच्या दोन पायांवर उभा होता. त्याच्या जातीतला शेवटचा. त्याच्यानंतर त्या वाळूत कुणाला एकही दिसला नाही.

"हा आला तेव्हा कधीचाच मेलेला. उन्हात वाळून खडखडीत," मामा म्हणाले. "पोटात भुसा भरला. यांच्या गालांत बी साठवायच्या पिशव्या असतात, त्या रिकाम्या करून कापूस कोंबला. त्या दिवसापासून माझी उशी चपटी."

"जुनी झाली असेल."

"नवी आणली. तीही गेली. मग गादी. घरात कापसाचा एक तंतू सापडेल तर शपथ! गादी संपली, आणि आता मी." त्यांनी बाही वर सारली. हाडावर नुसती कातडी होती. "दोन माणसांचं जेवतो. डॉक्टर म्हणतो, ठणठणीत आहात."

भाचीने उंदराकडे पाहिलं. पोटावरचे टाके ताणले गेले होते. तिने बोट लावलं.

कातडं कोमट होतं.

"उसव ते," मामा म्हणाले. या आवाजात थाप नव्हती. "त्याचं त्याला परत दे. नाहीतर माझं काही उरायचं नाही." त्यांनी खिशातून डबी काढली. तळाशी चिमूटभर बी होतं. "जपून ठेवलंय. काढलं तेव्हा लाळेनं नुसतं चिकचिकत होतं, बोटं सोडेना. पुसून, वाळवून..."

भाचीने कात्री उचलली. टाक्यापाशी नेली.

थांबली.

"काप ना गं!"

"मामा, वाळून खडखडीत झालेल्या उंदराला लाळ कुठली?"

मामांनी डबीचं झाकण लावलं.

"तो जिवंत होता. शेवटचा होता, आणि तुम्ही..."

मामांनी घाईघाईने तोंड उघडलं. थाप त्यांच्या जिभेवर कायम तयार असायची. आज तिथे कापूस होता.

पेटीत उंदराचे दोन्ही गाल सपाट झाले होते.