विकत आणलेली पणजी

ही गोष्ट खरी आहे. खोटं बोलायचं कंत्राट आमच्या घरात माझ्या भावाकडे आहे, मी त्यात तोंड घालत नाही.

आइसलँडच्या उत्तरेला, हुसाविकमध्ये घडलेली. मागच्या वर्षीचा जानेवारी. आमच्याकडे तेव्हा दुपारीच काळोख पडतो.

माझा भाऊ ह्याल्मार तिथे गेस्ट हाऊस चालवतो. आमची आजी हेर्डिस बंदरावर मासे साफ करायची. तिचा एकच फोटो आहे. खवल्यांनी माखलेला एप्रन, हातात सुरी, तोंडभर हसू.

ह्याल्मारने तो पेटीत टाकला.

"ताई, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही गं!"

त्याऐवजी जुन्या बाजारातून दुसराच फोटो विकत आणला. कोरीव खुर्चीत बसलेली बाई, कमरेला चांदीचा पट्टा. "ही आमची पणजी रान्वेग," असं येईल त्याला सांगायचा. उचलली जीभ, लावली टाळ्याला! या देशात शेंबडं पोरही पूर्वजांची नावं धडाधड सांगतं. आणि हे महाशय पणजी बाजारातून आणतात!

त्याची मुलगी उन्नुर बाळंतपणाला आली होती. नवरा बोटीवर. बापाच्या थापांवर विश्वास ठेवणारी ती एकटीच. तिचा पलंग त्याच फोटोखाली होता.

त्या दुपारी ती वर झोपली होती. मी आणि ह्याल्मार खाली कॉफी पीत होतो.

वारा अचानक पडला.

मग... वर काहीतरी किणकिणलं.

चांदीवर चांदी आपटावी तसं.

पावलांचा आवाज मात्र नव्हता.

"मांजर असेल," ह्याल्मार म्हणाला.

त्याच्याकडे मांजर नाही.

थोड्या वेळाने उन्नुर जिना उतरून आली. घामाने भिजलेली.

"आत्या, ती आली होती... फोटोतली. माझ्या पायथ्याशी बसली. म्हणाली, तुमच्याकडे राहायला येते, बाळाला माझं नाव दे."

आमच्यात याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक. घरातलं गेलेलं माणूस गरोदर बाईच्या स्वप्नात येऊन नाव मागतं. ते द्यायचं असतं. नाकारलं तर बाळाला भोवतं.

ह्याल्मारची छाती फुगली. लाज म्हणून नाही! "बघ! म्हणजे रान्वेगच ठेवायचं!"

"पण बाबा... तिने नाव गुड्नी सांगितलं."

मला हसू आवरेना. "घ्या! पणजीला स्वतःचं नावही माहीत नाही. सांग आता लेकीला, ही बया कुठून उचललीस ते!"

त्याने सांगितलं. मान खाली घालून, पुटपुटत.

उन्नुर रडली नाही. पोटावर हात ठेवून म्हणाली, "परकी बाई आली... मग आपली हेर्डिस पणजी का नाही आली?"

ह्याल्मार कॉफीचे कप गोळा करायला लागला. शेवटी मीच बोलले. "पेटीत कोंबलेलं माणूस कसं येणार, पोरी?"

आम्ही वर गेलो. पलंगाच्या पायथ्याशी गादी... दबलेली होती. कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी.

ह्याल्मारने फोटो काढून शेगडीत जाळला. बाळाचं नाव हेर्डिस ठेवायचं ठरलं. आईला भोवू नये, बाळाला भोवू नये, एवढंच मी देवाकडे मागत होते.

उन्नुरला मुलगी झाली, दोघी सुखरूप. बारशाला चर्चमध्ये बाळ कुणी धरायचं? अर्थातच ह्याल्मारने. मिरवायची संधी तो कशी सोडेल!

पाद्रीबाबांनी विचारलं, "बाळाचं नाव काय?"

ह्याल्मारने बाळ जरा उंच धरलं.

"गुड्नी," ह्याल्मार मोठ्याने म्हणाला.

बाळाच्या डोक्यावर पाणी पडलं. नाव लागलं.

बाहेर त्याने माझा दंड धरला. चेहरा चुन्यासारखा पांढरा. "ताई, मी हेर्डिसच म्हणालो ना? तू ऐकलंस ना?"

आयुष्यात पहिल्यांदाच तो खोटं बोलत नव्हता. म्हणूनच मी घाबरले.

नाव बदलायची छाती कुणालाच झाली नाही. आणि आता हा गृहस्थ पाहुण्यांना सांगतो, नातीला आमच्या पणजीचं नाव दिलंय म्हणून! सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही.

पोर गोड आहे. मला पाहिलं की झेपावते. मी घेते तिला.

ती हसली की तिच्या चेहऱ्यात आमच्या घरातलं कुणीतरी शोधते...

अजून कुणीच सापडलेलं नाही.