यादीत नसलेली वडी

खण्ण...

दुपारच्या सामसुमीत तेवढाच आवाज झाला. गिऱ्हाइकाचा काळा कोट झटकताना त्याच्या खिशातून एक नाणं निसटलं, फरशीवर भोवऱ्यासारखं फिरलं आणि शिवणयंत्राच्या पायाशी जाऊन आडवं झालं. खाटेवर झोपलेल्या मुंगीचा एक डोळा उघडला. जगबुडी झाली तरी न उठणारी ही पाच वर्षांची पोर नाण्याच्या आवाजाला मात्र हमखास जागी व्हायची.

“आपलं?” तिनं विचारलं.

“कोटवाल्यांचं,” आई म्हणाली. नाणं कागदात गुंडाळून तिनं ते टाचणीनं कोटाच्या अस्तराला लावून टाकलं. मुंगीनं सुस्कारा सोडला. बटणं, रिबिनी, रिकामी रिळं, जे सापडेल ते डब्यात साठवायची म्हणून तिला मुंगी म्हणत. आणि तिची आई म्हणजे गल्लीची टाकेवाली. कुणाची पॅन्ट आखूड करायची, कुणाची चेन बदलायची, कुणाचं बटण लावायचं... टाकेवालीकडे टाकलेला कपडा दुसऱ्या दिवशी नवा होऊन परत जायचा.

कोट सहा वाजता द्यायचा होता आणि काळा दोरा नेमका बाहीच्या मध्यावर संपला. तिनं डब्यातली चिल्लर मुठीत घेतली, मुंगीला बोटाला धरलं आणि कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानात गेली.

दुकानाच्या दारावर नवा फलक होता. आजपासून रोख पैसे स्वीकारले जाणार नाहीत. खाली एक हसरा चेहराही काढला होता, जणू ही आनंदाची बातमी.

आत मात्र कुणी हसत नव्हतं. रांग दारापर्यंत आली होती आणि सर्वांत पुढे खालच्या मजल्यावरचे पोस्टमन आजोबा उभे होते. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी आवाज अजून दार वाजवल्यासारखा. नोटेवर सरकारची सही असते, तुझ्या यंत्रावर कुणाची आहे ते दाखव, असं ते गल्ल्यावरच्या माणसाला विचारत होते. मागची एक बाई म्हणाली, माझ्या फोनला बटणं आहेत, तो फक्त वाजतो. आणखी कुणी म्हणालं, पैसे घेऊन उभं राहायचं आणि भिकाऱ्यासारखं परत जायचं, ही कुठली तऱ्हा?

गल्ल्यावरचा माणूस मान खाली घालून ऐकत होता. तिशीतला, किडकिडीत, डाव्या मनगटाचं बटण तुटलेलं. रोज हसून सुट्टे मोजणारा हा माणूस आज दुसऱ्याच कुणाच्या तरी अपराधाची शिक्षा भोगत होता. मग त्यानं इकडेतिकडे बघितलं, खिशातून स्वतःचा फोन काढला, यंत्राला टेकवला. टिंग. आजोबांच्या नोटा त्यानं गल्ल्याखालच्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकल्या.

“आजोबा, दुकानाला मी दिले. मला तुम्ही दिलेत. आता भांडण मिटलं?”

“मिटलं नाही,” आजोबा म्हणाले. “पुढे ढकललं.”

टाकेवालीची पाळी आली तेव्हा तिचे कान तापले होते. त्या फलकावरचा तिचा राग इतरांपेक्षा वेगळा होता.

नवऱ्याच्या घरी होती तेव्हा तिच्याकडेही कार्ड होतं. तिनं कुठेही काहीही घेतलं की निरोप त्याच्या फोनवर जायचा, आणि ती जिना चढायच्या आत त्याचा प्रश्न यायचा. आज पुन्हा बिस्किटं? केसांच्या पिना मागच्या महिन्यातच घेतल्या होत्यास ना? तो कधी ओरडला नाही, हात तर त्यानं कधीच उगारला नाही. तो फक्त विचारायचा. तीन वर्षं विचारत राहिला. मुंगीला कडेवर घेऊन ती बाहेर पडली, त्याला आता दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून तिचे पैसे पत्र्याच्या डब्यात. डब्यातल्या पैशाला तोंड नसतं. तो कुणाला काही सांगायला जात नाही.

“काय देऊ ताई?” त्यानं विचारलं.

“काळा दोरा. एक रीळ.” मूठ उघडून तिनं चिल्लर पुढे केली. “नसेल चालत तर...”

“चालतं,” तो हळूच म्हणाला. टिंग.

त्याबरोबर मुंगीनं तळहात पुढे केला. घरी बटणांचं दुकान मांडून खेळणाऱ्या मुंगीचा एक पक्का नियम होता. आपण काही दिलं की समोरच्यानं काहीतरी परत द्यायचं. त्याला सुट्टे म्हणतात.

त्याच्याकडे सुट्टे नव्हते. तो गोंधळला, मग बिलाच्या चिठ्ठीमागे पेनानं एक चिमणी काढली आणि गंभीरपणे तिच्या हातावर ठेवली. “हे घ्या बाईसाहेब. मोजून घ्या.”

मुंगीनं मोजलं. “एक,” ती म्हणाली, आणि त्याच क्षणी त्याचं नाव टिंगकाका पडलं.

आठवड्याभरात साऱ्या गल्लीला त्याची युक्ती कळली. रोखवाले दुपारी तीनला येत, गर्दी कमी असते म्हणून. टाकेवालीला आठवड्यात एकदा दोरा लागायचा, आता दोनदा लागू लागला. मग तीनदा. आरशासमोरून जाताना ती जरा थबकायची आणि स्वतःलाच दटावायची, दोरा आणायला चाललीस, वरातीला नव्हे.

“एवढा दोरा?” एकदा तो म्हणाला. “गावभर तंबू शिवताय की काय?”

“तुम्हाला विकायचा आहे की नाही?”

“मला? मला तर तुम्ही दिवसातून दोनदा आलात तरी...” वाक्य तिथंच लोंबकळलं. त्यानं घाईघाईनं चिठ्ठीमागे मांजर काढायला घेतलं. त्याला पाच पाय झाले. मुंगीनं मोजून दाखवले.

बटण अजून तुटलेलंच होतं. टाकेवालीला तुटलेलं बटण दिसलं की हात शिवशिवायचे... निदान तिनं स्वतःला तरी तसंच सांगितलं. एका मंगळवारी तिनं पर्समधून सुई काढली. “हात.”

“इथं?”

“नाहीतर शर्ट काढून द्या.”

त्यानं निमूट हात गल्ल्यावर ठेवला. ती ओणवी झाली. त्याच्या मनगटाची शीर टाक्याटाक्याला जोरात उडत होती, आणि ते आपल्याला दिसतंय हे त्याला कळू नये म्हणून ती उगाच बटणाकडे डोळे बारीक करून बघत होती. सुई आत... बाहेर... आत. मागे रांग थांबली होती, पण कुणी कुरकुरलं नाही. शेवटी गाठ मारून ती खाली वाकली आणि दोरा दातानं तोडला. तिचा श्वास त्याच्या मनगटावरून गेला. दोघांनीही एकदम दुसरीकडे बघितलं.

“चालू द्या,” मागून पोस्टमन आजोबा म्हणाले. “माझं दूध अजून नासलेलं नाही.”

“सात वेढे दिलेत,” ती कशीबशी म्हणाली. “शर्ट फाटेल, बटण निघणार नाही.”

“बरं,” तो म्हणाला. नुसतंच बरं. पुढे ताई नाही. जिना चढताना तिच्या ते ध्यानात आलं आणि ती मधल्या पायरीवर उभीच राहिली. मुंगीनं विचारलं, पाय दुखतो का? ती हो म्हणाली.

आणि मग तो शुक्रवार आला.

दुकानात हशा पिकला होता. गल्ल्यामागच्या भिंतीवर टिंगकाकाचा ओळखपत्रावरचा कावराबावरा फोटो मोठा करून लावला होता, खाली लिहिलं होतं, महिन्याचा सर्वोत्तम ग्राहक. मुख्य कचेरीतल्या संगणकाला फोनचा नंबर तेवढा कळत होता. एकच माणूस रोज इतकी खरेदी करतो, म्हटल्यावर त्यानं आपला बहुमान करून टाकला. फलकावर या लाडक्या ग्राहकाची आवडती खरेदीही छापली होती. कवळी चिकटवायची पेस्ट. केसांचा काळा रंग. गुडघ्याचा पट्टा. तान्ह्या बाळाचे लंगोट. लोक पोट धरून हसत होते. हा गडी एकाच वेळी म्हातारा आणि तान्हा कसा, असं आजोबा सर्वांना विचारत होते, आणि पेस्ट कुणाची ते सोयीस्कर विसरत होते.

टाकेवालीही हसली. मग तिची नजर खाली गेली.

काळा दोरा, सतरा रिळं. मुलांचं खोकल्याचं औषध, दोन बाटल्या. बिस्किटं, अकरा पुडे.

तिचं हसू जागच्या जागी गोठलं. अकरा पुडे... तिला स्वतःला आकडा ठाऊक नव्हता. त्या यंत्राला ठाऊक होता. त्याच्या फोनला ठाऊक होता. पुन्हा एका पुरुषाच्या खिशात तिचा महिना घडी घालून ठेवला होता.

गल्ल्यामागून तो उठला. तिचा चेहरा बघून त्याचा पडला. “अहो, ऐका...”

तिनं हातातली टोपली खाली ठेवली आणि मुंगीला उचलून ती निघून आली. मुंगी खांद्यावरून ओरडत राहिली, माझे सुट्टे, माझे सुट्टे.

त्यानंतर ती दोऱ्यासाठी दोन थांबे पलीकडच्या बाजारात जाऊ लागली. पाय दुखायचे, तिथला दोरा कच्चा होता, यंत्रात सारखा तुटायचा. तुटला की ती यंत्रावर चिडायची. मुंगी डब्यातल्या चिमण्या-मांजरं जमिनीवर रांगेनं मांडून बसायची आणि काही बोलायची नाही, हे तर चिडण्यापेक्षा वाईट होतं.

दहाव्या दिवशी पोस्टमन आजोबा पॅन्ट घेऊन आले. टीप घालायला म्हणून आले, पण बातमीनं त्यांचं पोट फुगलं होतं. कचेरीचा साहेब आला होता म्हणाले. बक्षीस द्यायला आला आणि टिंगकाकानं सगळं खरं सांगून टाकलं. ही खरेदी माझी नाही, ज्यांना तुम्ही दारातून परत पाठवलंत त्यांची आहे, म्हणाला. साहेबानं नोकरीवरून काढायची भाषा केली. मग काय, आजोबांनी निरोप फिरवला. दुसऱ्या दिवशी भरल्या टोपल्या आणि मुठीत पैसे घेऊन चाळीस माणसं रांगेत उभी राहिली. घेऊ तर रोखीनं, नाहीतर इथंच उभे. शिव्या नाहीत, आरडाओरडा नाही. दोन तास दुकान ठप्प. शेवटी साहेबानं एक गल्ला रोखीचा करून दिला, आणि शिक्षा म्हणून की काय कोण जाणे, त्यावर टिंगकाकालाच बसवलं.

“तू नव्हतीस रांगेत,” आजोबा म्हणाले. “तो दर माणसागणिक दाराकडे बघत होता. माझा जन्म पत्त्यांवर गेला, पोरी. नजरेवर कुणाचा पत्ता आहे ते मला वाचता येतं.”

तिनं टीप घातली. वाकडी गेली. उसवून पुन्हा घातली.

रविवारी सकाळी दार वाजलं. तो होता. हातात शर्टाची घडी, केस पाणी लावून बसवलेले, तरी एक बट उभीच.

“दुरुस्ती आहे,” तो दाराबाहेरूनच म्हणाला.

तिनं घडी उलगडली. शर्टाला गळ्यापासून खालपर्यंत एकही बटण नव्हतं. फक्त डाव्या मनगटाला एक.

“सगळी एकदम निघाली?”

“एकेक करून तोडली. यायला काहीतरी निमित्त हवं होतं.” त्यानं डाव्या बाहीकडे बोट दाखवलं. “हे एक मात्र निघेना. पक्कड लावून बघितली.”

हसू दाबायला तिनं ओठात सुई धरली. पण विचारायचं होतं ते विचारल्यावाचून राहवलं नाही. “यादी वाचलीत?”

त्यानं खोटं बोलायला तोंड उघडलं असावं. मग मिटलं. “वाचली. एकदा. तुम्ही निघून गेलात त्या दिवशी. काय चुकलं ते शोधत होतो.”

“सापडलं?”

“नाही. पण एक दिसलं...” तो चपलांकडे बघत म्हणाला. “दोरा गिऱ्हाइकांचा. औषध हिचं, बिस्किटं हिची. महिनाभराच्या यादीत तुमचं असं काहीच नव्हतं. मग मला इतकी लाज वाटली, की फोनमधलं ते दुकानाचं खातंच बंद करून टाकलं. यादी गेली. माझ्याकडे आता काही नाही.”

मग दारात उभ्या उभ्याच तिनं त्याला सांगितलं. कार्ड, निरोप, जिना, तीन वर्षांचे प्रश्न. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, चार वाक्यांत संपलं. त्यानं मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. सांगून झाल्यावरही विचारला नाही. आणि तिच्या मनात कुठेतरी खूप दिवस ताणलेला दोरा हलकेच सैल झाला.

“मला यादी नको,” तो म्हणाला. “तुम्ही आपणहून सांगाल तेवढंच... पण ते मात्र रोज ऐकायचंय. चालेल?”

“तीनला येत जाईन,” ती म्हणाली. “रोखीनं.” आणि मग, आपलाच आवाज ओळखू येऊ नये इतक्या हळू, “आत या ना. दारात किती वेळ उभे राहाल?”

तो आत आला. खिशातून कागदात बांधलेलं काहीतरी काढून त्यानं शिवणयंत्रावर ठेवलं. साबणाची वडी होती, चाफ्याच्या वासाची. मोगऱ्याचे, चाफ्याचे साबण ती दुकानात नेहमी उचलायची, हुंगायची आणि परत ठेवायची. हे कुठल्या यादीत असायचं कारण नव्हतं. हे त्यानं बघितलं होतं.

“माझ्याच गल्ल्यावर घेतली,” तो म्हणाला. “रोखीनं. चिल्लर देऊन. कुठंही नोंद नाही.”

तिनं वडी नाकाशी नेली. डोळे मिटले, ते जरा जास्तच वेळ मिटून ठेवावे लागले.

मुंगी इतका वेळ खाटेखाली आपला डबा धुंडाळत होती. आता ती बाहेर आली, डबा यंत्रावर ठेवला आणि आत बघू लागली. बटणं, रिबिनी, चिमण्या, पाच पायांचं मांजर. एकेक काढून तिनं वडीशेजारी लावून बघितलं, मान हलवली, परत ठेवलं. काहीच पुरेसं वाटेना. शेवटी तिनं टिंगकाकाकडे बघितलं, आईकडे बघितलं.

“आई,” ती गंभीरपणे म्हणाली, “एवढ्याचे सुट्टे आपण यांना काय द्यायचे?”